दाखल्यावर सातवी

"मावशी, दाखल्यावर सातवी असं लिहून मिळेल काय?"

२०२० चा डिसेंबर होता. अंगणात मळलेलं भात उन्हाला पसरलं होतं आणि कोंबड्या हाकत मी उंबऱ्यात बसले होते. सीमेच्या दोन्ही बाजूंना पंचायतीचं वारं सुटलेलं. आमच्याकडे, कर्नाटकातल्या बेळगाव भागात, २२ आणि २७ तारखेला मतदान होतं, तर शिनोळीच्या पलीकडे, महाराष्ट्रात, जानेवारीच्या निवडणुकीचे अर्ज भरणं चाललं होतं. फोन तिकडून, चंदगड तालुक्यातून आला होता. माझ्या मावसबहिणीची ही मुलगी खानापूरच्या जंगलपट्ट्यात जन्मली आणि लग्न होऊन चंदगडला गेली. मी प्राथमिक शाळेत मराठी शिकवण्यात आयुष्य काढलं, त्यामुळे शाळेच्या कागदांचं काहीही अडलं की नातलगांना माझी आठवण होते. मी म्हटलं, "नाही ग मिळणार. रजिस्टरात जे आहे तेच दाखल्यावर येतं." ती "बरं" म्हणाली. मग भात किती झालं, इंद्रायणी लावलं होतं की दुसरं काही, अशी इकडची तिकडची चौकशी करून तिनं फोन ठेवला. ते "बरं" मात्र माझ्यापाशीच राहिलं. या मुलीनं लहानपणी कुणाच्या झाडाखालची काजूची बी सुद्धा विचारल्याशिवाय उचललेली नाही. तिला खोट्या दाखल्याची गोष्ट काढावी लागली, आणि तीही माझ्याकडे, मी शिक्षिका आहे हे माहीत असताना. खोटं मागताना तिचा आवाज कसा झाला असेल, हे आठवायचं म्हटलं तरी मला जड जातं.

झालं होतं ते असं. तिच्या प्रभागात महिलेसाठी जागा राखीव झाली. बचत गटाचा हिशेब तीच लिहिते, बँकेत बायकांना घेऊन तीच जाते, म्हणून गल्लीतल्या बायकांनी तिचं नाव काढलं. नवराही राजी झाला. अर्ज ऑनलाइन भरायचा म्हणून ती कॉम्प्युटरवाल्या पोराकडे गेली. जन्मतारीख टाकल्यावर त्यानं विचारलं, सातवीचा कागद कुठाय? महाराष्ट्राच्या कायद्यात आता असं आहे की १ जानेवारी १९९५ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराला सातवी पास असावंच लागतं. सरपंचपदासाठी ही अट २०१७ मध्ये आली आणि त्या डिसेंबरात सदस्यपदाच्या उमेदवारांनाही तिनं गाठलं. माझी भाची १९९६ च्या पावसाळ्यातली. शाळा पाचवीपर्यंत. तिचा पाचवीचा दाखलाही कन्नडमध्ये आहे, कारण शाळा मराठी असली तरी कागद कर्नाटक सरकारचा. तो कन्नड दाखला तिकडच्या टेबलावर ठेवला असता तर कुणाला वाचताही आला नसता.

शेवटी अर्ज भरला तो तिच्या सासूनं. सासू शाळेची पायरी कधी चढलेली नाही. पण ती १९९५ च्या खूप आधी जन्मली, म्हणून कायद्याला तिची काही हरकत नाही. ती निवडून आली. स्वभावानं चांगली, कष्टाळू बाई आहे, तिच्या निवडून येण्याचा मला आनंदच झाला. घरी मात्र पंचायतीच्या बैठकीची नोटीस येते तेव्हा ती सूनच वाचून दाखवते. पाच वर्षं शिकलेली उभी राहू शकत नाही आणि एक दिवसही न शिकलेली राहू शकते. शिक्षण वाढावं म्हणून केलेल्या कायद्याचा हा एका घरातला हिशेब.

पाचवीनंतर तिची शाळा कशी सुटली, ते मला माहीत आहे. खानापूरच्या पश्चिमेला जी गावं आहेत तिथे पावसाळा म्हणजे चार महिने जगाशी संबंध तुटण्याचा काळ. गवाळी, आमगाव, कोंगळा ही नावं दर पावसाळ्यात बातमीत येतात ती आजाऱ्याला खांद्यावरून वाहून आणल्याच्या बातमीत. भाचीचं गाव इतकं आत नाही, तरी गावात शाळा पाचवीपर्यंतच. सहावीला नाला ओलांडून, झाडीतून पलीकडच्या गावात जायचं. जूनमध्ये तिला नवी पिशवी शिवली होती, वडलांच्या जुन्या पँटीची. पहिले काही आठवडे ती गेली. मग नाल्याला पाणी आलं, पाठोपाठ त्या वाटेवर एका माणसाला अस्वलानं फोडल्याचं कळलं, आणि आई म्हणाली की राहू दे आता, दसऱ्यानंतर बघू. दसऱ्यानंतर कापणी आली, मग धाकट्या भावाला सांभाळायला घरी कुणीतरी हवं होतं, मग काजूचा हंगाम. शाळा सोडली असं कुणी कधी म्हटलंच नाही. ती नुसती पुढं ढकलत गेली. आम्ही शिक्षक दरवर्षी गळतीचा तक्ता भरून पाठवत होतो. त्यात कारणाचा एक रकाना असायचा, आणि त्यात "घरकाम" असं लिहिलं जायचं. नाला आणि अस्वल मावेल एवढी त्या रकान्यात जागा नव्हती.

आता या तारखा एकमेकींशेजारी ठेवून बघा. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिकवण्याची जबाबदारी त्या दिवसापासून सरकारवर कायद्यानं आली. १ जानेवारी १९९५ ला जन्मलेलं मूल तेव्हा पंधरा वर्षांचं झालेलं होतं, म्हणजे त्या कायद्याच्या वयोमर्यादेतून बाहेर पडलेलं. माझी भाची त्याच पावसाळ्यात चौदा पुरी करणार होती. ज्या वर्षी सरकारनं "तुला शिकवणं माझं काम" असं म्हटलं, त्या वर्षी तिचं ऐकायचं वय संपत आलं होतं. दहा वर्षांनी दुसऱ्या एका कायद्यानं तिलाच विचारलं, तू सातवी का नाहीस?

सरकारनं जे दिलंच नाही त्याची पावती तिच्याकडे मागितली.

अशी अट असावी असं म्हणणारी माणसं माझ्या घरातच आहेत, आणि ती वाईट नाहीत. माझा पुतण्या इंजिनिअर आहे. गावात येतो तेव्हा गटारावरचा स्लॅब वर्षात कसा फुटला, पाण्याची टाकी बांधून झाली पण पाणी का चढत नाही, हे तो पोटतिडकीनं सांगतो. पंचायतीच्या खात्यावर आता वित्त आयोगाचा पैसा थेट येतो. आमच्याकडे चेकवर अध्यक्षांची आणि पीडीओची, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याची, अशा दोन सह्या लागतात. अध्यक्षा अंगठेबहाद्दर असेल तर सही तिची, डोकं नवऱ्याचं आणि खिसा ठेकेदाराचा, असं त्याचं म्हणणं. ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पंचायतीत अध्यक्षांच्या खुर्चीत नवरा आणि बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्चीत पदर सावरून बसलेली अध्यक्षा, हे चित्र आमच्या भागात कुणालाही नवं नाही. त्याचा संताप मलाही येतो. पण त्या खुर्च्यांकडे मी जरा नीट पाहिलं आहे. बाजूला बसलेल्यांत दहावी झालेल्याही होत्या, एक तर पदवीधर होती. तिला खुर्चीतून बाजूला बसवणाऱ्या नवऱ्यानं तिची मार्कलिस्ट विचारली नव्हती.

हरियाणानं २०१५ मध्ये कायदा बदलला तेव्हा अट आणखी कडक होती. सर्वसाधारण पुरुषाला दहावी, महिलेला आणि अनुसूचित जातीच्या पुरुषाला आठवी, अनुसूचित जातीच्या महिलेला पंच व्हायचं तर पाचवी. शिवाय घरात संडास हवा, वीजबिल आणि सोसायटीचं कर्ज थकलेलं नको. त्याच्या आदल्या डिसेंबरात राजस्थाननं वटहुकूम काढून सरपंचाला आठवी आणि जिल्हा परिषदेला दहावी लावली होती. हरियाणाच्या कायद्याविरुद्ध राजबाला आणि इतर काहीजण सर्वोच्च न्यायालयात गेले. १० डिसेंबर २०१५ ला न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती सप्रे यांनी तो कायदा वैध ठरवला. त्या निकालात असं म्हटलं आहे की योग्य काय नि अयोग्य काय, चांगलं काय नि वाईट काय, हे ओळखण्याची शक्ती माणसाला केवळ शिक्षणच देतं.

मी शिक्षिका. हे वाक्य वाचून मला आनंद व्हायला हवा होता. आयुष्यभर मी दारोदार जाऊन पोरं शाळेत आणली, बापांशी भांडले, हळदीच्या दिवशी नवरीच्या आईला म्हटलं की हिची परीक्षा तेवढी होऊ दे. शिक्षणावर माझ्याइतका विश्वास फार थोड्यांचा असेल. तरीही ते वाक्य वाचताना माझ्यासमोर माझी आत्या उभी राहिली, आणि मला ते वाक्य मानता आलं नाही.

आत्या आमच्या पंचायतीत २०१० ते २०१५ सदस्य होती. कर्नाटकात बायकांना पन्नास टक्के जागा त्याच निवडणुकीपासून मिळाल्या. त्याआधी तिचं सगळं आयुष्य शेतात आणि बेळगावच्या बाजारात गेलेलं. पहाटेच्या गाडीनं भाजीची बुट्टी घेऊन जायचं आणि गणपत गल्लीच्या कडेला मांडून बसायचं. बाजारात गिऱ्हाईक कन्नडही येतं, बैलहोंगल-गोकाककडचं. बसल्या बसल्या ती कन्नड शिकली. घासाघीस कन्नडमध्ये, शिव्या कन्नडमध्ये आणि पाऊसपाण्याची चौकशीही कन्नडमध्ये. शाळा तिला ठाऊक नव्हती. साक्षरता अभियान आलं तेव्हा कंदिलाच्या उजेडात ती सही शिकली. मोठी, पाटीवर काढल्यासारखी, ओळीच्या बाहेर जाणारी सही.

पंचायतीत निवडून आल्यावर पहिल्याच वर्षी तिनं आमच्या गावात नाव कमावलं ते त्या सहीमुळे. बैठक झाली की नडावळीचं, म्हणजे बैठकीच्या इतिवृत्ताचं, पुस्तक सह्यांसाठी फिरतं. सदस्य चहा पीत पीत सह्या करतात. पुस्तक आत्याकडे आलं. ती म्हणाली, "ओदि हेळ्री." वाचून दाखवा. कुणीतरी हसलं. सगळ्यांनी केलीय की सही, तुम्ही पण करा, असं झालं. आत्या आमच्याकडच्या बायका बोलतात तशी म्हणाली, "मी करतो की सही. वाचून दाखवल्याबिगर नाही करत." मग वाचावं लागलं. वाचताना निघालं की बैठकीत खालच्या आळीची पाइपलाइन आधी घ्यायची ठरली होती आणि पुस्तकात लिहिली होती ती रस्त्याची खडी. लिहिणाऱ्याची चूक असेल, मुद्दाम केलं असेल, मला सांगता येणार नाही. ठराव खोडून पुन्हा लिहिला गेला. नंतर पाच वर्षं आमच्या पंचायतीत सह्यांच्या आधी पुस्तक वाचलं जायचं.

त्या दिवशी सही करून मोकळ्या झालेल्या सदस्यांत मराठी घेऊन बी. ए. झालेला एक तरुण होता. गुणी मुलगा. गावच्या साहित्य संमेलनात स्वागताचं भाषण तोच करायचा. त्याची सगळी शाळा मराठीतून झालेली. त्याला कन्नड अक्षर लावून लावून, बोट ठेवून वाचावं लागायचं, आणि कारभाराची कन्नड तर कन्नड माणसालाही जड जाते. चारचौघांत आपल्याला वाचता येत नाही हे दिसू नये म्हणून तो पुस्तक आलं की पटकन सही करायचा. हे त्यानंच पुढं मला सांगितलं. आत्याला वाचता येत नाही हे सगळ्या गावाला माहीत होतं, त्यामुळे "वाचून दाखवा" म्हणायला तिला कसली लाज नव्हती.

आपल्या भागात शिकलेला कोण आणि अडाणी कोण, हे कागद कुठल्या लिपीत आहे त्यावर ठरतं. सातवीची अट उद्या कर्नाटकानं लावली तर बेळगाव-खानापूरच्या पश्चिम भागातली आमची मराठी पोरं ती सहज पार करतील. येळ्ळूर, कडोली, उचगाव, बेळगुंदी या गावांनी वर्षानुवर्षं साहित्य संमेलनं भरवली आहेत, वाचनालयं चालवली आहेत. तीच पोरं पंचायतीत गेली की समोर आलेला घरपट्टीचा फेरफार, ई-स्वत्तूचा म्हणजे मालमत्तेच्या ऑनलाइन नोंदीचा उतारा, उद्योग खात्रीच्या म्हणजे रोजगार हमीच्या कामाच्या अंदाजपत्रकाचा कागद त्यांना परका असतो. नोकरीमुळे मला कन्नड परीक्षा द्यावी लागली, म्हणून मी वाचू शकते. आजही संध्याकाळी कुणी ना कुणी कागद घेऊन येतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला, कधी तंबाखूचा वास लागलेला, कधी घामानं ओला झालेला. "बाई, काय लिवलंय बघा की." त्यातले कित्येकजण दहावी-बारावी झालेले. एक गृहस्थ तर निवृत्त मुख्याध्यापक आहेत, महाराष्ट्रात नोकरी करून गावी परतलेले. पाणीपट्टीची नोटीस माझ्यापुढे धरताना त्यांचा चेहरा उतरलेला असतो. आयुष्यभर दुसऱ्यांना वाचायला शिकवलेल्या माणसाला स्वतःच्या गावात कागद वाचून घ्यावा लागतो, यातलं दुःख मला फार लागतं. कन्नड भाषेवर माझा राग नाही. माझ्या कितीतरी चांगल्या मैत्रिणी कन्नड आहेत आणि ती भाषा मला आवडते. मी बोलतेय ते कागदाबद्दल. जिथे भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांहून अधिक आहेत तिथे महत्त्वाच्या सरकारी नोटिसा त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशानं मान्य केलेल्या संरक्षणात जुनंच आहे. आमच्या पट्ट्यातल्या गावांत मराठी माणसं पंधरा टक्के नाहीत, गावंच्या गावं आहेत. त्यासाठी किती मोर्चे निघाले ते इथल्या वाचकाला मी सांगायला नको.

आत्याची गोष्ट सांगितली की लोक म्हणतात, बघा, शिक्षणाशिवायही चालतं. मला ते ऐकवत नाही. आत्यालाही ऐकवत नाही. चालत नव्हतं. एकदा घरांच्या यादीत तिच्या वॉर्डातल्या एका विधवेचं नाव वाचून दाखवलं गेलं, सगळ्यांनी मान्य केलं, आणि पुढे भिंतीवर यादी लागली तेव्हा त्यात ते नाव नव्हतं. मधल्या काळात कागद कुठून कुठे गेला, हे तिला तपासता आलं नाही. भिंतीवरची यादी सुद्धा तिला दुसऱ्यांनी वाचून सांगितली. ती त्या रात्री जेवली नाही. मी भेटायला गेले तेव्हा चुलीपाशी बसून राख उकरत होती. म्हणाली, "कान हाय म्हणून ऐकलं गे. डोळं असतं तर धरलं असतं." शाळा नसण्याची किंमत त्या विधवेनं दिली. पुढच्या वर्षी आत्यानं पाठपुरावा करून तिला घर मिळवून दिलं, पण एक पावसाळा ती बाई ताडपत्रीखालीच राहिली. म्हणून निरक्षरतेचं कौतुक मी कधीच करणार नाही. मला फक्त एवढं दिसतं की त्या वेळी आत्याच्या जागी सातवी शिकलेली मराठी बाई असती, तरी कन्नड यादीसमोर तिची गत तीच झाली असती. आणि आत्या उभीच राहू शकली नसती तर नडावळीचं पुस्तक मोठ्यानं वाचलंच गेलं नसतं.

उमेदवाराला शिक्षणाची अट असावी की नाही, हा वाद आपल्या देशाइतकाच जुना आहे. २६ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत राजेंद्रप्रसादांनी हीच खंत बोलून दाखवली होती. कायदा राबवणाऱ्यांसाठी मोठमोठ्या पात्रता मागायच्या आणि कायदा करणाऱ्यांसाठी निवडून येण्याखेरीज काहीच नाही, हे त्यांना विसंगत वाटत होतं. पण त्याच भाषणात ते पुढे गेले. कायदा करणाऱ्याला बुद्धी तर लागतेच, त्याहून अधिक चारित्र्य लागतं, आणि ते मोजायचं माप आपल्यापाशी नाही, असं त्यांनी म्हटलं. मद्रासचे मुख्यमंत्री झालेले कामराज लहानपणीच शाळेतून बाहेर पडलेले होते. पोरांनी शाळेत टिकावं म्हणून दुपारचं जेवण देण्याचं काम त्यांच्या सरकारनं मोठ्या प्रमाणावर केलं. आमच्या पलीकडच्या वसंतदादा पाटलांचंही शिक्षण बेताचंच, आणि विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी त्यांच्याच काळात, १९८३ मध्ये मिळाली. माझा पुतण्या ज्या प्रकारच्या कॉलेजात शिकला ते त्या निर्णयामुळे उभं राहिलं. आमदार-खासदार व्हायला आजही कुठली परीक्षा पास व्हावी लागत नाही. ज्या विधानसभेत जायला पाचवीचीही अट नाही, तिथे बसून गावच्या बाईला सातवीची अट घातली जाते. मत द्यायला ती चालते. अट फक्त निवडून यायला आहे. राजस्थाननं २०१९ मध्ये ती काढून टाकली. तोवर तिथे बनावट दाखल्यांच्या तक्रारी आणि गुन्हे दाखल होऊन बसले होते. ती बातमी वाचताना मला भाचीचा प्रश्न आठवला. तिला तो प्रश्न सुचला यात तिचा काय दोष? अटीनंच तो तिच्या तोंडी घातला.

कर्नाटकात ही अट अजून नाही, याचा मला अभिमान आहे. पंचायतीच्या बाबतीत हे राज्य पुढं होतं. ७३ वी घटनादुरुस्ती व्हायच्या आधी, १९८७ मध्ये इथे मंडल पंचायतीच्या निवडणुका झाल्या आणि बायकांना पंचवीस टक्के जागा होत्या. त्यामागे तेव्हाचे इथले ग्रामविकास मंत्री अब्दुल नजीरसाब होते. गावोगाव बोअर मारून पाणी दिलं म्हणून कन्नड माणसं त्यांना "नीरसाब" म्हणायची. आता त्यांच्या नावाची म्हैसूरची संस्था निवडून आलेल्या सदस्यांना प्रशिक्षण देते. आत्यालाही तालुक्याला नेलं होतं. भिंतीवर उपग्रहावरून कार्यक्रम दाखवला, म्हैसूरहून कुणी अधिकारी बोलत होते, शुद्ध पुस्तकी कन्नडमध्ये. बाजारची कन्नड येणाऱ्या आत्याला त्यातलं अर्धंच समजलं. जेवणात चित्रान्न होतं एवढं तिच्या लक्षात आहे, आणि एका बाईनं उठून विचारलं होतं की आमच्या गावचा वॉटरमन पगार न मिळाल्यामुळे पाणी सोडत नाही, त्याचं काय? त्या प्रश्नाचं उत्तर मिळायच्या आत प्रक्षेपण संपलं. प्रशिक्षणाची कल्पना चांगलीच आहे. ते निवडून आलेल्या बाईच्या भाषेत, तिच्या गावच्या कागदांवर बोट ठेवून झालं असतं, तर पाच वर्षांत ती कुठल्या कुठे गेली असती. शिकवायचंच तर निवडून आल्यावर शिकवा की. गावानं ज्या बाईवर विश्वास टाकलाय तिच्यासारखी शिकायला आसुसलेली विद्यार्थिनी मला आख्ख्या नोकरीत भेटली नव्हती.

भाची आता आठवीच्या परीक्षेची तयारी करते आहे. महाराष्ट्राच्या मुक्त विद्यालय मंडळातून बाहेरून बसता येतं, हे मीच तिला शोधून दिलं. रात्री पोराला झोपवून गणितं सोडवते आणि अडलं की फोन करते. अपूर्णांक तिला पटकन येतात, कारण बचत गटाचं व्याज तिनं तसंच काढलेलं आहे. भूमिती नको वाटते. ती पास होईल, पुढच्या वेळी उभी राहील आणि चांगलं काम करेल, यात मला शंका नाही. तिच्या शिकण्याचा मला जेवढा आनंद आहे, तेवढंच हेही खुपतं की तिच्या बरोबरीच्या, त्याच नाल्याच्या अलीकडे राहिलेल्या तिच्या मैत्रिणींना फोन करायला शिक्षिका मावशी नाही.

आणि इकडे आमच्या गावात पुतण्यानं ग्रुपवर लिहिलंय की कर्नाटकानंही सातवीची अट आणावी. त्याच्याशी मी बोलले. वाद झाला, आवाजही चढले. शेवटी मी त्याला म्हटलं की तू महिन्यातून एकदा गावी येतोस, तेवढ्या दिवशी पंचायतीत जाऊन नडावळीच्या मागच्या पानांचे फोटो काढ, मी ते मराठीत लिहून देते आणि तू ग्रुपवर टाक. तो तयार झाला आहे. पहिल्याच फेरीत त्याला पाण्याच्या टाकीचा ठराव सापडला, आणि टाकीत पाणी का चढत नाही याचं निम्मं उत्तर त्यात होतं. मोटर किती अश्वशक्तीची घ्यायची ठरली होती आणि कुठली बसवली गेली, ते पुस्तकातच लिहिलेलं होतं. इतकी वर्षं ते कुणी वाचलंच नव्हतं.

येत्या ग्रामसभेत मी एक ठराव मांडणार आहे. प्रत्येक बैठकीची नडावळी सह्यांच्या आधी मोठ्यानं वाचली जावी, कन्नडमध्ये आणि मराठीत. लाभार्थींची यादी भिंतीवर लावायच्या आदल्या दिवशी वॉर्डसभेत वाचून दाखवावी. मराठी गावात नोटिशीची मराठी प्रत मिळावी. पीडीओसाहेब म्हणतील की मराठीची तरतूद नाही. त्यासाठी पंधरा टक्क्यांचा तो जुना नियम मी कन्नडमध्ये लिहून सोबत नेणार आहे, म्हणजे त्यांना वाचायला अडचण नको. ठरावाला अनुमोदन आत्या देणार आहे, आणि तो पुस्तकात चढला की सही करण्याआधी ती तो वाचून घेणार आहे.